पाच महिने एकोणीस दिवस

परदेशी जाणाऱ्या लोकांचे व्हिसाचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी कुणाकुणाला विमानात बसवलं, देवच जाणे. मी स्वतः मात्र विमान पाहायचो ते आमच्या गच्चीवरून, आणि तेही बायकोने कपडे वाळत घालताना बोट दाखवलं तर.

माझी जागा व्हिसा केंद्रासमोरच्या इमारतीत, जिन्याखाली. एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या आणि मी, एवढंच त्यात मावतं. समोरच्या खुर्चीवर कुणी अंगाने भरलेलं गिऱ्हाईक बसलं की ते उठेपर्यंत मला बाहेर पडता येत नाही. शेजारी झेरॉक्सवाला. पासपोर्टचे फोटोही तोच काढतो. लोक मला ‘व्हिसामास्तर’ म्हणतात. हा मानाचा किताब आहे अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. मग एकदा झेरॉक्सवाल्यानेच सांगितलं, “मास्तर म्हणजे हुशार म्हणून नाही हो. तुम्ही माणसांवर ओरडता ना शाळेतल्यासारखं, म्हणून.”

ओरडायचो, हे खरं आहे. काळ्या पेनाने लिहा म्हटलं की लोक निळ्याने लिहितात. ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ असं छापलेल्या चौकटीत झोकात सही ठोकतात. फोटोत हसतात. फीबद्दल तर रोज तोच वाद. अर्ज नामंजूर झाला की माणूस थेट माझ्याकडे येणार आणि विचारणार, “मग फी परत?” मी टेबलावर पाटीच लावली होती: ‘फी व्हिसाची नसते, अर्ज तपासण्याची असते. परत मिळत नाही. रडलात तरी नाही.’ शेवटचं वाक्य केंद्राच्या पत्रकात नव्हतं. ते माझं स्वतःचं.

पण माझं सगळ्यात लाडकं भाषण होतं सहा महिन्यांच्या अटीचं. “परक्या देशात पाऊल ठेवाल त्या दिवशी तुमचा पासपोर्ट पुढे अजून सहा महिने चालू पाहिजे. अर्ज कराल त्या दिवशी नाही. तिकीट काढाल त्या दिवशी नाही. पाऊल ठेवाल त्या दिवशी!” ‘पाऊल’ म्हणताना मी टेबलावर हात आपटायचो. संगणकाचा पडदा हलायचा. एकदा एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांचा पासपोर्ट चार दिवसांनी कमी पडत होता. मी चारचौघांत म्हटलं, “बाई, वाचता येतं ना?” त्या शांतपणे म्हणाल्या, “येतं की. पण तुमच्यासारखं ओरडून वाचता येत नाही.” झेरॉक्सवाला हसताना मशीनमध्ये कागद अडकला.

तर अशा या मास्तरची एकुलती एक लेक लग्न करून परदेशी गेली, आणि चार वर्षांनी तिला दिवस गेले. आम्ही दोघांनी जायचं ठरलं. तीन महिने राहायचं. माझ्याकडे पासपोर्ट होताच. धंद्यात शोभावं म्हणून मी तो नऊ वर्षांपूर्वी काढला होता आणि कपाटात कोऱ्या साडीसारखा घडी न मोडता ठेवला होता. बायकोचा नवा काढला.

आमचे अर्ज मी असे भरले की केंद्रातल्या मुलीने एकही कागद परत केला नाही. पंधरा दिवसांत दोघांचे व्हिसा आले. मग मी बायकोची तयारी सुरू केली. तिने कधी जिल्ह्याबाहेर एकटीने प्रवास केला नव्हता. मी बावीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका कागदावर उतरवली, आणि रोज संध्याकाळी ओट्याच्या पलीकडे अधिकारी होऊन उभा राहू लागलो.

“तुमच्या येण्याचा उद्देश?”

“लेकीचं बाळंतपण,” बायको भांडी घासत म्हणाली.

“चूक! ‘कौटुंबिक भेट’ म्हणायचं.”

“बाळंतपण कौटुंबिक नसतं का?”

“तुला कळत नाही. त्यांना वाटतं, बाई कामाला आली. असं कर, तिथे तू बोलूच नकोस. मी बोलेन.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मला पुसायला एक पातेलं दिलं.

जायच्या तीन आठवडे आधी लेकीचा फोन आला. तिच्या सासूबाईंना रजा मिळाली होती, त्या आधी येणार होत्या. “तुम्ही दोघं दोन महिन्यांनी या ना, म्हणजे माझ्याजवळ सलग कुणीतरी राहील.” रास्त होतं. मी तिकिटं पुढे ढकलली. व्हिसा वर्षभराचा होता, त्याची काळजी नव्हती. बायको चष्मा पुसत म्हणाली, “अहो, तारीख बदलली तर अजून काही बदलावं लागतं का?”

मी म्हटलं, “तू बॅगांचं बघ.”

हे वाक्य आमच्या घरात अजून अधूनमधून वापरलं जातं. मी वापरत नाही.

जायचा दिवस उजाडला. तिकडे नातू जन्मून पंधरा दिवस झाले होते. मजल्यावरचे सगळे शेजारी दारात आले. मी नवा कोट घातला होता. झेरॉक्सवाल्याने दुकान बंद ठेवून आमचा फोटो काढला. दुपारच्या विमानासाठी आम्ही सकाळीच विमानतळावर पोचलो, कारण ‘चार तास आधी’ हाही माझाच नियम.

विमान कंपनीच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने बायकोचा पासपोर्ट पाहिला, परत दिला. माझा पाहिला. संगणकात पाहिलं. पुन्हा पासपोर्ट पाहिला. मग तिने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली, आणि ती कुठे थांबणार हे मला तिसऱ्या पेरावरच कळलं.

“काका, तुमचा पासपोर्ट उतरण्याच्या दिवसापासून पाच महिने एकोणीस दिवस आहे.”

“व्हिसा आहे ना पण!”

“व्हिसा आहे. पण तिथे पाऊल ठेवाल त्या दिवशी सहा महिने लागतात.”

पाऊल म्हणताना तिने टेबलावर हात आपटला नाही. एवढाच काय तो आमच्यातला फरक. आधी ठरलेल्या तारखेला माझ्याकडे सात महिने एकोणीस दिवस होते. दोन महिने मी पुढे सरकलो आणि पासपोर्ट जागच्या जागी राहिला. हे गणित मी हजार लोकांना शिकवलं होतं. आता तिला काहीतरी जाणकारासारखं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? “बघा ना ताई, काही होतंय का.” सव्वीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आलो होतो आणि ऐकल्याबरोबर माझ्या कपाळावर आठी पडायची. त्या मुलीच्या कपाळावर पडली नाही. ती म्हणाली, “सॉरी काका. तुम्हाला नेलं तर तिथूनच परत पाठवतील, आणि आम्हाला दंड होईल.”

मी बायकोकडे वळलो. मला वाटलं, ती रडेल. मी समजूत घालायची तयारीही केली.

“म्हणजे आता मी जायचं?” तिने विचारलं.

“एकटी कशी जाशील?”

“का? माझा पासपोर्ट धड आहे ना?”

बावीस प्रश्नांत हा नव्हता.

मग तिला आठवलं की बाळाची दुपटी आणि विणलेले स्वेटर माझ्या बॅगेत आहेत. तिथेच फरशीवर, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत, बॅगा उघडल्या. तिच्या बॅगेतून माझी कागदपत्रांची जाडजूड फाइल बाहेर निघाली, तिच्या जागी दुपटी गेली. माझे बनियन काही काळ सार्वजनिक झाले. पाच मिनिटांत तिने बॅग बंद केली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “गॅस बघून झोपत जा. आणि कोट काढा आता, उकडत असेल.” ती आत गेली. काचेपलीकडे ती दिसेनाशी झाल्यावर खिशात हात घातला, तर बावीस प्रश्नांचा कागद माझ्याकडेच राहिला होता.

मी बसने घरी आलो. शेजाऱ्यांनी सकाळीच हात हलवून निरोप दिलेला, आता काय तोंड दाखवायचं? सगळे दुपारचे आडवे झालेले असताना चपला हातात घेऊन जिना चढलो आणि दोन दिवस स्वतःच्याच घरात चोरासारखा राहिलो. खिडकी उघडली नाही, नळ बारीक सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सवाल्याचा फोन.

“मास्तर, पोचलात का?”

“पोचलो,” मी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

“हवा कशी आहे तिकडे?”

“आपल्यासारखीच.”

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या शाळेची घंटा झाली. खणखणीत. मग झेरॉक्सवाला हळूच म्हणाला, “शाळापण आपल्यासारखीच दिसते.” अर्ध्या तासात तो दारात होता. त्याने माझा पासपोर्ट हातात घेतला, तारीख पाहिली, आणि तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

त्याच दुपारी बायकोचा फोन आला. ती सुखरूप पोचली होती, बाळाला मांडीवर घेऊन बोलत होती.

“अधिकाऱ्याने अडवलं का?” मी विचारलं.

“अडवलं कसलं! येण्याचं कारण विचारलं. मी म्हटलं, लेकीचं बाळंतपण.”

“अगं…”

“ऐका तर. माझ्या तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं. मग तो म्हणाला, अर्जात तर नवरा बरोबर आहे, तो कुठाय? मी म्हटलं, घरी. कागद चुकला. तो म्हणाला, नवरा काय करतो? आता खोटं कसं बोलणार? म्हटलं, लोकांचे व्हिसाचे कागद भरतो.”

“मग?”

“मग काय, तो इतका हसला की बाजूच्या काउंटरवरचा उठून आला. त्यालाही त्याने सांगितलं. दोघांनी मिळून शिक्का मारला.”

परक्या देशाच्या सीमेवर मी पोचायच्या आधी माझी कीर्ती पोचली ती अशी.

पुढचे दोन महिने मी अर्जदार होतो. नवा पासपोर्ट काढला. फोटोसाठी झेरॉक्सवाल्यापुढे बसलो तेव्हा त्याने सगळा सूड उगवून घेतला. “मास्तर, कान दाखवा. हनुवटी खाली. हसू नका. मी म्हटलं, हसू नका!” मला हसू येत नव्हतं, त्यालाच येत होतं. नवा पासपोर्ट हातात आला, आणि तिथे दुसरी मेख निघाली. त्या देशाचा व्हिसा पासपोर्टच्या नंबराशी बांधलेला. नंबर बदलला, की व्हिसा संपला. पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

व्हिसा केंद्राच्या खिडकीवरची मुलगी मला रोज येता-जाता बघत असे. तिला म्हटलं, “आधीची फी भरलेली आहे ना, ती यात वळती नाही का होणार?”

ती इतकी अवघडली की मलाच तिची दया आली. “काका… फी अर्ज तपासण्याची असते.”

“हो,” मी म्हटलं, “कुठेतरी वाचलंय.”

बोटांचे ठसे द्यायची वेळ आली तेव्हा यंत्राला माझी बोटं सापडेनात. आयुष्यभर कागद चाळून, डिंक लावून, कार्बन सरकवून रेषा पुसल्या गेल्या होत्या. चार वेळा पुसून, चार वेळा दाबून पाहिलं. यंत्राच्या मते मी अस्तित्वातच नव्हतो. शेवटी तिने हाताला लावायचं तिचं क्रीम दिलं, मी ते चोळलं, आणि पाचव्या खेपेला उमटलो. त्या दिवशी दुपारी माझ्यासमोर एक गिऱ्हाईक निळ्या पेनाने भरलेला अर्ज घेऊन आलं. मी काळं पेन पुढे केलं. झेरॉक्सवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “बरं नाहीये का?”

लेकीच्या घरी बायको पोचल्याला नऊ आठवडे झाले, तेव्हा माझं विमान तिथे उतरलं. आत मोठं दालन, लांबलचक रांगा, आणि एका बाजूला उंच टेबलं, प्रवेशाचं कार्ड भरायला. काळं पेन माझ्या खिशात होतंच. झरझर, सुवाच्य अक्षरात कार्ड भरलं, पल्लेदार सही केली आणि रांगेत उभा राहिलो. फाइल छातीशी धरली होती. बेचाळीस कागद, अनुक्रमांक घातलेले.

काउंटरवर एक पोक्त बाई होत्या. त्यांनी विचारलं, “किती दिवस?”

लोकांना मी सांगायचो, विचारलं तेवढंच बोला. मी सुरुवात केली लेकीच्या लग्नापासून. सासूबाईंच्या रजेपर्यंत आलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. मी घाईघाईने फाइल उघडली, चाप निसटला आणि अनुक्रमांक एक ते बेचाळीस जमिनीवर पसरले. मी ते गोळा करून उभा राहिलो, तोवर बाई माझं कार्ड निरखत होत्या. त्यांनी ते माझ्याकडे फिरवलं आणि एका जागी बोट ठेवलं.

सही मी ‘कार्यालयीन उपयोगासाठी’च्या चौकटीत केली होती.

त्यांनी कोरं कार्ड दिलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं. मी परत गेलो. अक्षर वळेना. मग हळूहळू एकेक रकाना वाचत भरायला लागलो, जसा माझ्यासमोर बसलेला माणूस भरायचा, आणि मी ज्याला ‘लवकर हो’ म्हणायचो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ कार्ड उलटसुलट करत होते. त्यांना आपली भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि आपलं कार्ड माझ्यापुढे सरकवलं, वर पासपोर्ट ठेवला. मी भरून दिलं. सही कुठे, ते बोटाने दाखवलं. त्यांच्यामागे त्यांची बायको. तिच्यामागे कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई, जिला लिहायला हातच मोकळा नव्हता. मग कुठल्यातरी बांधकामावर निघालेले चार कामगार. मी एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तरी कळला असता कुणाला!

मान वर केली तेव्हा दालन रिकामं होतं. काउंटरवरच्या त्याच बाई माझी वाट बघत हाताची घडी घालून बसल्या होत्या. मी कार्ड दिलं. त्यांनी सही पाहिली, शिक्का मारला, आणि काहीच विचारलं नाही.

बाहेर लेक रडवेली झाली होती. “बाबा! अडीच तास! आम्हाला वाटलं, तुम्हाला परत पाठवलं!”

बायको म्हणाली, “मी हिला म्हटलं होतं, कागदापाशी असतील.” मग माझ्याकडे नीट पाहून तिने खाली आवाजात विचारलं, “काय केलंत?”

मी खरं ते सांगितलं. सहीसुद्धा. ती हसली नाही. तिने माझ्या हातातली फाइल घेतली आणि तिच्या जागी नातू दिला. तो अडीच महिन्यांचा होता. माझ्या कोटावर त्याने लगेच दूध काढलं.

यापुढचा हिशेब मी धड केलाच नव्हता. बायकोला तीन महिन्यांची मुभा होती, आणि त्यातले नऊ आठवडे संपले होते. मी आलो आणि महिन्याभरात तिची जायची वेळ झाली. मी तिच्याबरोबरच परतायचं तिकीट काढलं होतं. त्याच आठवड्यात लेक कामावर रुजू होणार होती. एका सकाळी ती माझ्यासमोर बसली.

“बाबा, तुमचे अजून दोन महिने आहेत ना? तुम्ही थांबा. आईच्या जागी.”

“मी?” मला खरोखर वाटलं की ती चेष्टा करतेय. घरी माझ्यावर दूध तापवायची जबाबदारी दिली तरी ते उतू जातं.

“दोघं बरोबर आला असता, तर आता दोघंही जायला निघाला असता,” लेक म्हणाली. “मला कुणीच उरलं नसतं. बरं झालं चुकलात.”

बायकोने आठवडाभर मला शिकवलं. आता ओट्याच्या पलीकडे, अधिकाऱ्याच्या जागी, ती होती. बाटली उकळणं, मान धरणं, ढेकर काढणं. “चूक!” ती म्हणायची. “पुन्हा करा.” आवाज मात्र चढवायची नाही. मग एका दुपारी ती विमानतळावर एकटीच, पाट्यांकडे न बघता आत निघून गेली, आणि मी बाळाची गाडी ढकलत लेकीबरोबर परत आलो.

ते दोन महिने मी एकाही अर्जाला हात लावला नाही. सकाळी लेक आणि जावई कामावर जात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरत असू. पहिल्या आठवड्यात तो रडायचा आणि मी बायकोला फोन लावायचो. दुसऱ्या आठवड्यात तो रडायचा, आणि मी फोन न लावता त्याला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी उभा राहायचो. तिथून खाली बस थांबताना दिसायची. बस थांबली की तो थांबायचा, बस सुटली की पुन्हा सुरू. मला वेळापत्रक पाठ झालं. शेवटच्या महिन्यात कधीतरी बस सुटून गेली तरी तो रडला नाही. माझ्या कॉलरची एक बाजू मुठीत धरून झोपून गेला. मी तासभर तसाच उभा राहिलो. पाय दुखत होते, पण बसलो असतो तर तो उठला असता, आणि खरं सांगायचं तर मला बसायचंही नव्हतं.

परत आल्यावर मी झेरॉक्सवाल्याला सांगितलं, की हे सगळं मी ठरवूनच केलं होतं; दोघांच्या राहण्याची मुदत पुढेमागे करून बाळाला तीनऐवजी पाच महिने माणूस मिळवून दिलं. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्या समोरच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “तुम्ही यांच्याकडूनच अर्ज भरून घ्या, माणूस चांगला आहे. फक्त तारखा मला दाखवून जा.”